फेऱ्या किती? — कंपायलराच्या हिशेबाचा एक पाठ



जें काम पुनःपुन्हां करावयाचें असतें तें किती वेळां करावयाचें आहे हें आधीं ठाऊक असलें, तर मनुष्य त्याची व्यवस्था निराळ्या रीतीनें लावितो. विहिरीवरून दोन घागरी पाणी आणावयाचें असेल तर कोणीहि घागर उचलून चालूं लागतो. परंतु दोनशें घागरी आणावयाच्या आहेत असें कळलें, म्हणजे तो गाडी जुंपतो, पिंपें चढवितो आणि चार माणसें हाताशीं घेतो. काम तेंच, पण संख्येच्या ज्ञानामुळें कामाची रीत पालटते. उलटपक्षीं, संख्या चुकीची कळली तर दोन घागरींसाठीं गाडी जुंपली जाते, किंवा दोनशें घागरींसाठीं एकटाच मनुष्य दिवसभर खेपा घालीत बसतो.

संगणकाच्या जगांत हाच प्रश्न क्षणोक्षणीं उभा राहतो. तेथें खेपा घालणारें यंत्र सेकंदाला कोट्यवधि आज्ञा पाळतें, आणि त्याच्या खेपांचा हिशेब आगाऊ करणारा कारभारी म्हणजे कंपायलर होय. हा कारभारी हिशेब कसा करितो, तो अधिक अचूक व्हावा म्हणून विद्वानांनीं कोणत्या युक्त्या योजिल्या, आणि हिशेबांत खोट राहिली म्हणजे काय घडतें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. यासाठीं शाळेंतील बीजगणिताहून अधिक गणित लागत नाहीं. म्हणून पालकांनींहि हा पाठ मुलांसह वाचावा अशी आमची विनंति आहे.

प्रथम दोन शब्दांचे अर्थ ठरवूं. संगणक हें यंत्र केवळ शून्य व एक या चिन्हांनीं लिहिलेल्या आज्ञा ओळखतें. मनुष्य मात्र आपला प्रोग्रॅम सी, फोर्ट्रान अशा त्याला समजणाऱ्या भाषेंत लिहितो. या भाषेचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा दुभाषा तो कंपायलर. आणि हा दुभाषाहि स्वतः एक प्रोग्रॅमच असतो. दुसरा शब्द लूप. एकच आज्ञासमूह पुनःपुन्हां पाळावयास सांगणें याला लूप म्हणतात, आणि त्या समूहाच्या एकेका आवृत्तीस आपण फेरी म्हणूं. वर्गांतील ४० विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज करावयाची असेल, तर "पुढच्या विद्यार्थ्याचे गुण बेरजेंत मिळवा" ही आज्ञा ४० वेळां लिहीत नाहींत. ती एकदां लिहून तिच्या ४० फेऱ्या करावयास सांगतात.

आतां या फेऱ्यांत खर्च कोठें होतो तें पाहा. प्रत्येक फेरींत एक बेरीज होते, हें खरें काम. त्याशिवाय मोजणारा आंकडा एकानें वाढवावा लागतो, तो ४० पर्यंत पोंचला कीं नाहीं हें तपासावें लागतें, आणि पोंचला नसेल तर पुन्हां आरंभाकडे वळावें लागतें. म्हणजे एका कामामागें तीन कामांची हमाली. फेऱ्या ४० आहेत हें कंपायलरास आधींच कळलें, तर तो एका फेरींत चार विद्यार्थ्यांचे गुण मिळवितो. मग फेऱ्या १० च उरतात. बेरजा ४० राहिल्या तरी हमाली चौथाईवर येते. याला इंग्रजींत अनरोलिंग म्हणतात. आपण त्याला लूपची घडी उलगडणें म्हणूं. विद्यार्थी ४२ असते तर चारचारांचे १० गट होऊन २ उरले असते, आणि त्या दोघांसाठीं निराळी सोय करावी लागली असती. म्हणून केवळ संख्याच नव्हे, तर संख्या चाराच्या पटींत आहे कीं नाहीं हें कळणेंहि कंपायलरास मोलाचें असतें.

याहून मोठा लाभ निराळाच आहे. आजच्या संगणकांत अशा रुंद कप्प्यांची योजना असते कीं २५६ बिटांच्या एका कप्प्यांत ३२ बिटांच्या ८ संख्या शेजारीशेजारीं बसतात, आणि त्या आठांवर एकाच आज्ञेनें बेरीज करितां येते. वर सांगितलेली गाडी ती हीच. परंतु फेऱ्या अवघ्या ३ असतील तर आठांची गाडी जुंपून काय लाभ? उलट जुंपण्याचाच वेळ वायां जातो. असा निर्णय करावयास फेऱ्यांची संख्या कळणें अवश्य आहे.

हा विचार नवा नाहीं. जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनीं आय.बी.एम. ७०४ या यंत्रासाठीं फोर्ट्रानचा कंपायलर १९५७ सालीं पुरा केला, तेव्हांच त्यांना फेऱ्यांची चिंता पडली होती. त्या यंत्रांत लूप मोजण्यास उपयोगी पडणारे विशेष कप्पे तीनच होते. ते कोणत्या लूपच्या वांट्यास द्यावे, हें ठरविण्यासाठीं प्रोग्रॅमचा कोणता भाग अधिक वेळां चालेल हें कळावयास हवें होतें. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारानें स्वतःच अंदाज सांगावा यासाठीं "फ्रीक्वेन्सी" या नांवाची एक आज्ञा त्या भाषेंत ठेविली होती, आणि त्या अंदाजांवरून कंपायलर फांशांच्या खेळासारखी यदृच्छेनें वाटा निवडून प्रोग्रॅमची नक्कल चालवी व कोणता भाग किती वेळां येतो हें मोजी. पुढें अनुभव असा आला कीं मनुष्याचा अंदाज विसंबण्याजोगा नसतो. कंपायलरानें लूपकडे पाहून संख्या स्वतः सिद्ध करावी हाच मार्ग खरा, असें ठरत गेलें.

ती संख्या सिद्ध करण्याची मूळ रीत तुम्हांस ठाऊकच आहे. अंकगणिती श्रेढींत पहिलें पद, सामान्य फरक आणि पदांची संख्या असतात. भास्कराचार्यांनीं सुमारें ११५० सालीं रचिलेल्या लीलावतींत यांस अनुक्रमें आदि, चय आणि गच्छ अशीं नांवें आहेत, आणि श्रेढीच्या बेरजेवरून गच्छ काढण्याची रीतहि तेथें दिली आहे. कंपायलराला हवा असतो तो हा गच्छच. फरक इतकाच कीं तो त्याला बेरजेवरून नव्हे, तर सीमेवरून काढावयाचा असतो.

उदाहरण घेऊं. मोजणारा आंकडा क हा ३ पासून निघतो, प्रत्येक फेरीस त्यांत ४ मिळतात, आणि क हा ५० हून लहान असेतों लूप चालतो. फेऱ्या किती? सीमेंतून आरंभ वजा केला म्हणजे ४७. त्यास ४ नीं भागिलें तर ११ पूर्ण व ३ बाकी. बाकी उरली म्हणून वरचा पूर्णांक घ्यावयाचा, उत्तर १२. पडताळा पाहा: बाराव्या फेरींत क ४७ असतो, तो ५० हून लहान आहे, त्यानंतर तो ५१ होतो आणि लूप थांबतो. १९७७ सालच्या फोर्ट्रानच्या नियमांत फेऱ्यांचें असेंच सूत्र स्पष्ट लिहून दिलें होतें, आणि उत्तर ऋण आलें तर शून्य धरावें असेंहि सांगितलें होतें. त्याआधींच्या पुष्कळ कंपायलरांत लूप निदान एकदां तरी चालेच, मग अट आरंभींच खोटी असो. एकाच प्रोग्रॅमचें उत्तर दोन ठिकाणीं दोन प्रकारचें येण्याचा धोका त्यामुळें राही.

इतकें सोपें असतें तर पाठ येथेंच संपला असता. परंतु संगणकाच्या संख्या आपल्या वहींतील संख्यांसारख्या अमर्याद नाहींत. ८ बिटांच्या कप्प्यांत ० पासून २५५ पर्यंतच संख्या मावतात. २५५ मध्यें १ मिळविला कीं घड्याळाचा कांटा बारावरून पुन्हां एकाकडे यावा तसा तो आंकडा ० वर येतो. आतां असा लूप घ्या कीं, क हा २५५ हून मोठा नसेल तोंवर चालावें. सूत्राप्रमाणें ० पासून २५५ पर्यंत २५६ फेऱ्या. प्रत्यक्षांत मात्र क कधींहि २५६ होऊंच शकत नाहीं, म्हणून हा लूप कधींच थांबत नाहीं!

याच अडचणीमुळें एलएलव्हीएम या नांवाच्या प्रसिद्ध कंपायलर-संचानें एक सूक्ष्म युक्ति योजिली आहे. इलिनॉय विश्वविद्यालयांत क्रिस लॅटनर व त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनीं २००० सालीं या संचास आरंभ केला. त्यांत फेऱ्या मोजण्याऐवजीं लूप किती वेळां मागें वळला हें मोजतात. फेऱ्यांपेक्षां वळणें एकानें कमी असतात. २५६ फेऱ्यांची संख्या ८ बिटांच्या कप्प्यांत मावत नाहीं, ती ० दिसते. परंतु वळणें २५५, तीं बरोबर मावतात. एका आंकड्याचा फरक. पण त्यानें "पुष्कळ" आणि "मुळींच नाहीं" या दोहोंतील घोटाळा टळतो.

घड्याळाप्रमाणें वळणाऱ्या या संख्यांचें गणित रम्य आहे. समजा लूपची अट "क हा ५० हून लहान" अशी नसून "क हा ५० नसेतों" अशी आहे, आरंभ ३ आणि वाढ ३. वहींतील संख्यांत ३, ६, ९ असें जातां ४८ नंतर ५१ येतो; ५० चुकतो. परंतु ८ बिटांच्या कप्प्यांत क पुढें जात जात २५५ वर पोंचतो, मग ३ मिळवितां २५८ ऐवजीं २ होतो, तेथून पुन्हां ५, ८, ११ असा चालूं लागतो. अखेर १०१ फेऱ्या झाल्यावर तो नेमका ५० वर येतो; कारण ३ अधिक ३ गुणिले १०१ म्हणजे ३०६, आणि ३०६ तून २५६ गेले म्हणजे ५०. कंपायलर हें उत्तर फेऱ्या न चालवितां समीकरण सोडवून काढतो. आतां वाढ ३ ऐवजीं ४ करा. ३ या विषम संख्येंत ४ कितीहि वेळां मिळविले तरी बेरीज विषमच राहणार, आणि २५६ वजा केले तरी विषमच. ५० तर सम आहे. म्हणून तो लूप कधींहि थांबणार नाहीं. केवळ सम-विषमाच्या विचारानें अनंताविषयीं निर्णय देतां आला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आंकडा नेहमीं सारख्याच चालीनें वाढतो असेंहि नाहीं. ०, १, ४, ९, १६ हे वर्ग घ्या. त्यांतील फरक १, ३, ५, ७. आणि त्या फरकांतील फरक २, २, २. म्हणजे "० पासून निघा, पहिली वाढ १, आणि वाढींत दर वेळीं २ मिळवा" इतक्या तीन आंकड्यांत वर्गांची सारी अनंत रांग बांधली गेली. चार्लस बॅबेज यांनीं १८२२ सालीं मांडिलेलें फरक-यंत्र याच तत्त्वावर चालावयाचें होतें. आजचे कंपायलर लूपमधील प्रत्येक बदलत्या आंकड्याचें वर्णन अशाच साखळीनें करितात. ओलाफ बाखमान, पॉल वांग व यूजीन झिमा यांनीं १९९४ सालीं या साखळ्यांचें गणित व्यवस्थित मांडिलें. पुढें तें कंपायलरांत आलें, आणि जीसीसी या दुसऱ्या प्रसिद्ध कंपायलरांत २००५ सालच्या ४.० आवृत्तीपासून तें आहे.

साखळी हातीं आली म्हणजे कोणत्याहि फेरीअखेर आंकडा काय असेल हें सूत्रानें सांगतां येतें. मग कधीं कधीं लूपच नाहींसा होतो! १ पासून १०० पर्यंत बेरीज करणारा लूप लिहा. कंपायलर साखळी पाहतो, फेऱ्यांची संख्या तिच्यांत घालतो, आणि शंभर बेरजांच्या ऐवजीं ५०५० हें उत्तर थेट लिहून ठेवितो. सीमा १०० नसून न अशी अक्षरानें दिलेली असेल, तर तो न गुणिले न अधिक एक, भागिले दोन, हें तुमच्या पुस्तकांतील सूत्रच यंत्राच्या भाषेंत लिहितो. शंभर फेऱ्यांचें काम असो वा दहा कोटींचें, यंत्राला वेळ सारखाच लागतो.

येथें कोणी विचारील कीं, संख्या न अशी अक्षरानें दिली असतां हिशेब नेमका कसा व्हावा? या प्रश्नांतच सुधारणेस पुष्कळ जागा आहे. चांगला कंपायलर एकच उत्तर देऊन थांबत नाहीं; तो निरनिराळ्या प्रतीचीं उत्तरें जवळ बाळगतो. पहिलें नेमकें उत्तर: फेऱ्या १२ आहेत, किंवा न आहेत. दुसरें वरच्या मर्यादेचें: नेमकें सांगवत नाहीं, पण इतक्याहून अधिक नाहींत. तिसरें पटीचें: किती तें ठाऊक नाहीं, पण जितक्या असतील तितक्या चाराच्या पटींत आहेत. ३२ बिटांची संख्या दर फेरीस निम्मी करीत, अपूर्णांक सोडून देत, शून्य होईतों चालणारा लूप घ्या. मूळ संख्या ठाऊक नसली तरी ३२ फेऱ्यांच्या आंत ती शून्य झालीच पाहिजे. ही वरची मर्यादा. १६ नांवांच्या यादींत एक नांव शोधणारा लूप दोन ठिकाणीं थांबूं शकतो: नांव सांपडलें तेथें, किंवा यादी संपली तेथें. पहिल्या वाटेचा हिशेब करितां येत नाहीं; दुसरीचा १६. दोहोंतील जी वाट आधीं येईल ती खरी, म्हणून फेऱ्या १६ हून अधिक नाहींत हें निश्चित.

दुसरी सुधारणा आजूबाजूच्या मजकुराचा उपयोग करण्याची. लूपच्या वर कोठेंतरी "न शून्याहून मोठा असेल तरच पुढें जा" अशी अट असते. ती ध्यानांत घेतली कीं "उत्तर ऋण असेल तर शून्य धरावें" हें शेपूट सूत्रांतून गळून पडतें आणि सूत्र स्वच्छ होतें. न चाराच्या पटींत नसेल तर परत फिरा, अशी अट आधीं असेल तर उरलेल्यांची निराळी सोय करण्याचें कारणच राहत नाहीं. गणितांतील उदाहरण सोडवितांना दिलेल्या गोष्टींपैकीं एकहि विसरूं नये, असें आम्ही वर्गांत सांगत असतों. कंपायलरासहि तोच नियम लागू आहे. आणि जेथें सूत्र सांपडतच नाहीं, परंतु आरंभाचा आंकडा ठाऊक आहे, तेथें एलएलव्हीएम सामान्यतः १०० फेऱ्यांपर्यंत लूप मनांतल्या मनांत चालवून पाहतो. तेवढ्यांत थांबला तर उत्तर मिळालें. नाहीं तर नाद सोडतो.

नाद सोडतो, हे शब्द महत्त्वाचे आहेत. ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालीं सिद्ध केलें कीं, कोणताहि प्रोग्रॅम पुढें ठेविला असतां तो थांबेल कीं नाहीं हें सदैव बरोबर सांगणारी एकच रीत असूं शकत नाहीं. हें किती खोल आहे तें एका लहान लूपवरून कळेल. एक पूर्णांक घ्या. सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा. आणि १ येईपर्यंत असेंच करीत राहा. ६ पासून निघालां तर ३, १०, ५, १६, ८, ४, २, १, आठ पायऱ्या. परंतु २७ पासून निघालां तर १११ पायऱ्या लागतात, आणि मध्यें आंकडा ९२३२ इतका चढतो. कोणत्याहि आरंभापासून हा लूप थांबतोच, असें जर्मन गणितज्ञ लोथार कोलाट्झ यांच्या नांवानें ओळखलें जाणारें अनुमान म्हणतें. परंतु तें अद्याप कोणालाहि सिद्ध करितां आलेलें नाहीं. जेथें जगांतील गणितज्ञ थांबले तेथें कंपायलरानें काय करावें? एलएलव्हीएममध्यें यासाठीं एक स्वतंत्र उत्तरच ठेविलेलें आहे, आणि त्याचा अर्थ "हिशेब करितां आला नाहीं" असा आहे. हें उत्तर आलें म्हणजे लूप होता तसाच ठेवावयाचा. काम सावकाश होईल. पण चूक होणार नाहीं.

थांबण्याचा विचार न केल्याचें फळ काय असतें, याचें एक उदाहरण ३१ डिसेंबर २००८ या दिवशीं घडलें. त्या दिवशीं झून नांवाच्या गाणीं वाजविणाऱ्या यंत्राचे ३० गिगाबाइटांचे नग ठिकठिकाणीं एकाएकीं निश्चेष्ट पडले. त्यांतील घड्याळाच्या प्रोग्रॅममध्यें १९८० पासूनच्या दिवसांवरून साल काढणारा लूप होता. दिवस ३६५ हून अधिक असेतों तो चाले, आणि दर फेरीस एका वर्षाचे दिवस वजा करी. लीप वर्ष असेल तर मात्र दिवस ३६६ हून अधिक असले तरच वजाबाकी होई. २००८ हें लीप वर्ष. त्याच्या शेवटच्या दिवशीं आंकडा नेमका ३६६ उरला. तो ३६५ हून मोठा, म्हणून लूप थांबेना. ३६६ हून मोठा नाहीं, म्हणून वजाबाकी होईना. यंत्र तेथेंच फिरत राहिलें. दुसऱ्या दिवशीं, बॅटरी पुरती उतरवून पुन्हां चालू केल्यावर तें पूर्ववत् झालें. वर्षांतून एक दिवस, तोहि चार वर्षांतून एकदां येणारा. पण तेवढाच विसरला गेला होता.

याच्या उलट, कंपायलरानें फार बारकाईनें विचार केल्यामुळें उद्भवलेला प्रसंगहि सांगितला पाहिजे. जीसीसीची ४.८ ही आवृत्ति मार्च २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांत फेऱ्यांची वरची मर्यादा काढण्यासाठीं भाषेच्या नियमांचा अधिक कसून उपयोग केला होता. सी भाषेचा नियम असा कीं, १६ घरांच्या रांगेंतील सतरावें घर वाचावयाचें नाहीं. वाचल्यास पुढें काय होईल याची हमी भाषा घेत नाहीं. यंत्रांची गति मोजण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या २००६ सालच्या एका प्रसिद्ध संचांत चित्रफीत आंखडण्याचा एक प्रोग्रॅम होता. त्याच्या एका लूपमध्यें घरांना ० पासून १५ असे क्रमांक होते, आणि प्रत्येक फेरीच्या अखेरीस पुढचें घर आधीं वाचून मग क्रमांक १६ हून लहान आहे कीं नाहीं हें तपासलें जाई. अर्थात् शेवटच्या फेरीअखेर तो नसलेलें सतरावें घर वाची. वाचलेली संख्या वापरली जात नसे, म्हणून वर्षानुवर्षें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

नव्या कंपायलरानें मात्र असा तर्क केला: हा प्रोग्रॅम प्रत्येक फेरीअखेर घर वाचतो. नियमाप्रमाणें वाचलेल्या घराचा क्रमांक १५ हून मोठा असूं शकत नाहीं. मग क्रमांक १६ हून लहान आहे का, हें विचारण्याचें कारणच काय? उत्तर सदैव "होय" च येणार. म्हणून त्यानें ती तपासणी काढून टाकली, आणि लूप थांबण्याची वाट बंद झाली. प्रोग्रॅम अनंत काळ फिरूं लागला.

दोष कोणाचा? कंपायलराच्या तर्कांत खोट नव्हती. नियम प्रोग्रॅमनें मोडला होता. तरीहि ज्याचें काम काल चालत होतें तें आज बंद पडलें, त्यास या युक्तिवादानें समाधान कसें व्हावें? जीसीसीच्या कर्त्यांनीं हा प्रश्न झिडकारला नाहीं. त्यांनीं आवृत्तीच्या निवेदनांत त्या प्रोग्रॅमचा नांवानिशीं उल्लेख करून सावधगिरीची सूचना दिली, हें कसून केलेलें अनुमान बंद ठेवण्याची सोय दिली, आणि अमुक फेरींत नियम मोडला जातो असें दिसल्यास तसा इशारा देण्याची व्यवस्थाहि केली. हा मार्ग आम्हांस योग्य वाटतो. ज्याला अधिक कळतें त्यानें आपल्या ज्ञानाचा उपयोग अवश्य करावा, परंतु दुसऱ्याची चूक दिसली असतां तिच्यावर गुपचूप इमारत रचण्यापेक्षां ती त्यास दाखवून देणें अधिक बरें.

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट तुमच्या ध्यानांत आली असेल. कंपायलराच्या हिशेबांत उत्तराला जितकी किंमत आहे, तितकीच उत्तराच्या प्रतीला आहे. "नेमके बारा", "फार तर सोळा", "चाराच्या पटींत", आणि "हिशेब करितां आला नाहीं", हीं चारहि उत्तरें प्रामाणिक आहेत आणि चारहि उपयोगी आहेत. "फार तर सोळा" हें ठाऊक असतां "सोळाच" असें सांगणें मात्र घातक. कारण त्या शब्दावर विसंबून पुढें मोठें काम रचलें जातें. परीक्षेंतील उत्तरपत्रिकेंत एखादें उदाहरण शेवटपर्यंत सुटलें नाहीं, तर जेथवर सिद्ध झालें तेथवर स्वच्छ लिहून थांबावें. अंदाजानें उत्तर ठोकून देऊं नये. पायऱ्या बरोबर असतील तर त्यांचा उपयोग परीक्षकास होतो, आणि त्याहून अधिक तुम्हांस होतो.

पाठ पक्का व्हावा म्हणून खालील उदाहरणें सोडवून पाहावीं.

(१) क हा ५ पासून निघतो, दर फेरीस ६ नीं वाढतो, आणि १०० हून लहान असेतों लूप चालतो. फेऱ्या किती? मागें वळणें किती?

(२) ८ बिटांच्या कप्प्यांत क हा १ पासून निघतो आणि दर फेरीस ५ नीं वाढतो. तो ० होईतों लूप चालला तर किती वाढींनंतर थांबेल? वाढ ५ ऐवजीं ६ केली तर थांबेल काय? कारण द्या.

(३) ०, १, ८, २७, ६४ या घनांचे फरक, फरकांचे फरक, आणि त्यांचेहि फरक काढा. घनांची रांग किती आंकड्यांच्या साखळींत बांधतां येते?

(४) झून यंत्रांतील लूपची अट कशी पालटली असती म्हणजे तो ३१ डिसेंबर २००८ रोजीं थांबला असता? तुमची अट १ जानेवारी २००९ साठींहि पडताळून पाहा. कारण एका दिवसाची दुरुस्ती करितांना दुसरा दिवस बिघडत नाहीं ना, हें पाहिल्यावांचून दुरुस्ती पुरी झाली असें म्हणतां येत नाहीं.